केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा उभं राहतंय : तुमच्या ट्रंकेत, माळ्यावर काय आहे?

विंगेतली

नमस्कार मंडळी.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, त्याबद्दल इथं भरपूर लिहून झालंय. तो धागा मी पुन्हा उघडत नाही. रंगमंच, खुर्च्या, छप्पर गेलं, दगडी भिंती राहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचं नाव या वास्तूला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. एवढं सगळ्यांना पाठ आहे. सुदैवानं कुणाचा जीव गेला नाही, हेही.

आता काम चालू आहे आणि 'पूर्वी होतं तसंच बांधणार' असं सांगितलं गेलंय. माझा प्रश्न तिथून सुरू होतो. पूर्वी कसं होतं, हे कुणाला माहीत आहे?

दर्शनी भागाचे फोटो हजारो निघतील. कोल्हापुरात आलेला प्रत्येक पाहुणा तिथं उभा राहून फोटो काढून गेलाय. पण मी १९८८ पासून त्या वास्तूत प्रॉम्प्टिंग केलं (नट वाक्य विसरला की विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशातून, हळूच सांगायचं), पुढं रंगभूषेला हात लावला, दोन-तीन वर्षं प्रकाशयोजनेच्या हाताखाली केबल ओढल्या. या सगळ्या काळात मी एकही फोटो काढला नाही. विंगेत उभं राहून प्रेक्षागृह कसं दिसतं याचा एकसुद्धा फोटो माझ्याकडे नाही. डाव्या विंगेत मी ज्या स्टुलावर बसायचे तिथून नटाचा पाठमोरा खांदा आणि त्याच्यापलीकडं पहिल्या तीन रांगांतले चेहरे दिसायचे. पाहुणे कलाकार यायचे तेव्हा पहिल्या प्रवेशात जरा चढ्या आवाजात बोलायचे आणि दुसऱ्या प्रवेशापर्यंत आपोआप आवाज खाली आणायचे. कुणी सांगावं लागायचं नाही. वास्तूच त्यांना सांगायची की एवढं ओरडू नकोस, पोचतंय.

हे नकाशात कुठं लिहितात?

म्हणून मागणं एवढंच. तुमच्याकडे जे असेल ते इथं टाका. शाळेच्या गॅदरिंगचा फोटो, राज्य नाट्य स्पर्धेची पत्रिका, तिकिटाचा तुकडा, कुठून कसं ऐकू यायचं याची आठवण, रंगपटातल्या, म्हणजे मेकअपच्या खोलीतल्या आरशाची जागा, काहीही. मी सगळं एका वहीत उतरवून घेणार आहे आणि काम बघणाऱ्या मंडळींपर्यंत पोचवणार आहे. त्यांनी वापरलं तर उत्तम. नाही वापरलं तरी वही राहील.


रंकाळ्याचा_वारा

ताई, धागा काढलासा ते लई चांगलं केलंसा.

माझे वडील, अण्णा म्हणायचो आम्ही, बॅकस्टेजला होते. नाटकाच्या गाडीतनं सेट उतरवायचा, फ्लॅट म्हंजे सेटच्या रंगवलेल्या चौकटी उभ्या करायच्या, पडदा वडायचा. पगारी नव्हते कुणाचे. कॉन्ट्रॅक्टर बोलवील तसं जायचं, रात्री एक-दीडला घरी यायचं. हातावर दोरीचे घट्टे होते. आई म्हणायची, ह्यांच्या हातानं गालाला हात लावला तर ओरखडा उठतो.

मला त्यांनी सांगितलेलं एक आठवतंय. पडदा वडताना नुसतं वडून चालत नाही. गंभीर नाटक असंल तर पडदा सावकाश, दम घेत सरकला पायजे, आणि फार्स असंल तर एका झटक्यात. पडद्यानंच लोकांना सांगायचं असतंय आज काय बघायला मिळणार ते. मोटर आली तवा अण्णा म्हणाले, आता सगळी नाटकं एकाच चालीनं उघडणार.

त्या रात्री मी खासबाग मैदानाच्या बाजूला उभा होतो. अण्णा दोन वर्षं आधीच गेले. ते बघायला नव्हते हे बरं झालं, असं वाटलं आणि तसं वाटल्याबद्दल वाईटबी वाटलं.

फोटो एकबी नाही. अण्णांचा कामावरचा फोटो कोण काढणार?


हरिपूरकर

बाळा, तुझ्या वडिलांचं हे पडद्याचं ज्ञान फार मोलाचं आहे. आणि त्याला या शहरात परंपरा आहे, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो. मी सांगलीकडचा, वय ७८.

केशवराव भोसले १८९० साली कोल्हापुरात जन्मले. लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि देवलांच्या 'शारदा' नाटकातली शारदा त्यांनी इतकी गाजवली की लोक त्या मुलाला ऐकायला येत. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत त्यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक कंपनी काढली. वय वर्षं सतरा! रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम त्यांना मिळाली. संगीत नाटकातला माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १९१६ साली मामा वरेरकरांचं हुंड्यावरचं 'हाच मुलाचा बाप' रंगमंचावर आणणारी कंपनीही त्यांचीच. दर्शनी पडदा मखमलीचा हवा हा आग्रहसुद्धा त्यांचाच. प्रेक्षक खुर्चीत बसल्यापासून जे जे पाहतो ते देखणं असलं पाहिजे, असं त्यांना वाटे.

८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. माझे आजोबा त्या प्रयोगाला नव्हते, पण ज्यांनी तो पाहिला अशा माणसांच्या मांडीवर बसून मी त्याच्या गोष्टी ऐकल्यात. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वरानं गेले. एकतीस वर्षांचं आयुष्य.

त्यांचं नाव या वास्तूला नंतर मिळालं. मूळचं हे पॅलेस थिएटर. शाहू महाराज १९०२ ला युरोपात गेले, तिथली रंगमंदिरं आणि मैदानं पाहून आले. त्यानंतर आधी खासबागचं कुस्तीचं मैदान आणि त्याला लागून १९१३ ते १९१५ मध्ये हे थिएटर झालं. कुस्ती आणि नाटक यांची भिंत एक! मैदानात शड्डू आणि आत तंबोरा. असा शेजार मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.


ध्वनिरेषा

विंगेतलीताई, तुम्ही जो अनुभव सांगितलात (दुसऱ्या प्रवेशापर्यंत आवाज खाली येणं) त्याची कारणं मोजता येतात. मी सभागृहांच्या ध्वनीचंच काम करते, म्हणून लिहिते.

बोललेला शब्द स्पष्ट ऐकू यायचा असेल तर आवाज थांबल्यानंतर त्याचा घुमारा साधारण एक सेकंदात विरला पाहिजे. गाण्याला त्याहून जास्त लागतं, दीड ते दोन सेकंद असलं तर सूर भरलेला वाटतो. संगीत नाटकाला या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं, कारण त्याच नटाला त्याच जागेवरून आधी बोलायचं आणि लगेच पद म्हणायचं. त्या काळी माइक नव्हता. म्हणजे ज्यांनी हे बांधलं त्यांनी ही मधली जागा साधली होती.

ती कशातून येते? रंगमंचाखालच्या पोकळीतून आणि वरच्या लाकडी फळ्यांतून, भिंतींमधल्या अंतरातून, छताच्या उंचीतून. आणि प्रेक्षकांतून. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. रिकाम्या थिएटरात तालीम केलेल्या नटाला भरलेल्या थिएटरात सगळं कोरडं वाटतं ते यामुळं.

आता भीती सांगते. बाहेरून दगडी कमान तंतोतंत उभी राहील. आत मात्र काँक्रीटचा रंगमंच, वर जिप्समचं फॉल्स सीलिंग, एसीच्या डक्टची घरघर आणि मग ते झाकायला मोठे स्पीकर. हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी होताना पाहिलंय. नावं लिहीत नाही.

आग लागण्याआधी कुणी तिथली ध्वनीची मोजमापं घेतली असतील तर माझ्यासाठी ती सोन्यासारखी आहेत. कुणाला माहीत असेल तर कृपया कळवा.


लगुना_किनारा

मी गेली बारा वर्षं व्हेनिसजवळ राहते. मूळची कोल्हापूरची, राजारामपुरी. इथल्या फेनिचे थिएटरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२९ जानेवारी १९९६ ला ते जळालं. बाहेरच्या भिंती राहिल्या, आतलं सगळं गेलं. अगदी आपल्यासारखं. तेव्हा गावानं ठरवलं, 'कोमेरा, दोवेरा'. जसं होतं तसं, जिथं होतं तिथं. ही इथली जुनी घोषणा आहे. १९०२ च्या जुलैत सान मार्कोचा मनोरा कोसळला तेव्हा ती निघाली. (हरिपूरकर काका, तुमचा प्रतिसाद वाचताना लक्षात आलं, त्याच वर्षी शाहू महाराज युरोपात होते!) थिएटर पुन्हा उघडायला डिसेंबर २००३ उजाडला. जवळजवळ आठ वर्षं.

दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या. एक, आग लागण्याच्या काही महिनेच आधी दोन संशोधकांनी तिथल्या ध्वनीची मोजमापं घेतली होती, त्यामुळं जुनं थिएटर कसं ऐकू यायचं याची नोंद वाचली. आणि दुसरी, दिग्दर्शक विस्कोंती यांनी आपल्या १९५४ च्या एका सिनेमाची सुरुवात त्या थिएटरातच चित्रित केली होती. आतली सजावट पुन्हा करताना त्या सिनेमातल्या दृश्यांचा आधार घेतला गेला. ज्यानं ते शूटिंग केलं त्याच्या मनातही आलं नसेल की आपण पुढच्या कारागिरांसाठी नकाशा काढतोय.

म्हणून ताईंचं मागणं मला फार योग्य वाटतं. कोल्हापूर म्हणजे सिनेमाचं गाव. कुणी ना कुणी तिथं आत कॅमेरा लावला असेलच.


चौकोनी_चौथरा

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी आर्किटेक्ट आहे.

'जसं होतं तसं' म्हणजे कधीचं? १९१५ चं? नाव बदललं त्या काळचं? की ७ ऑगस्ट २०२४ चं? मधल्या शंभर वर्षांत या वास्तूत अनेकदा दुरुस्त्या झाल्या, अगदी अलीकडेही मोठं नूतनीकरण झालं. ताईंच्या आठवणीतला रंगमंच आणि आगीत जळालेला रंगमंच एकच होता असं नाही. आधी हे ठरवायला हवं, नाहीतर प्रत्येक जण आपल्या तरुणपणीचं थिएटर मागेल.

माझं मत असं. ध्वनी, रंगमंचाची उंची, प्रेक्षकाला कुठूनही दिसणं, हे मूळ आराखड्यातलं शहाणपण आहे, त्याला हात लावू नये. पण आगीपासूनचं संरक्षण १९१५ चं ठेवून कसं चालेल? १९०३ साली शिकागोच्या इरोक्वा थिएटरात ६०२ माणसं गेली. आग रंगमंचावर लागली, आगीचा पडदा मध्येच अडकला आणि बरीच दारं उघडता आली नाहीत. त्यानंतर जगभर नियम झाले, दारं बाहेरच्या बाजूनं उघडावीत, रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये आग अडवणारा पडदा असावा. आपल्याकडे त्या रात्री प्रयोग नव्हता. भरलेलं थिएटर असतं तर?

लाकूड हवं, ध्वनिरेषा म्हणतात ते खरं. पण प्रक्रिया केलेलं हवं, वर पाण्याचे फवारे हवेत, आणि वायरिंगची तपासणी दरवर्षी खरोखर व्हायला हवी, कागदावर नव्हे.


साखरेचं_पोतं

आणि बायकांची स्वच्छतागृहं! मध्यंतर पंधरा मिनिटांचं आणि रांग पंचवीस मिनिटांची. दुसऱ्या अंकाची सुरुवात मी किती नाटकांत चुकवली असेल. माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळं शेवटची दहा वर्षं नाटकाला आल्या नाहीत. नाट्यसंगीताच्या एवढ्या वेड्या, रेडिओला कान लावून बसायच्या. रॅम्प आणि कठडा एवढंच हवं होतं. जसं होतं तसं बांधताना हे मात्र होतं तसं नको.


विंगेतली

@चौकोनी_चौथरा, राग कसला? तुमचा प्रश्न माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिला. मी आठवणी मागतेय त्या सगळ्या एकाच काळातल्या नसतील, हे खरं. म्हणून यापुढं प्रत्येकानं वर्ष लिहा. नक्की आठवत नसेल तर 'मुलगी चौथीत होती तेव्हा' असं चालेल.

@साखरेचं_पोतं, लिहून घेतलं. त्यात भर घालते. बायकांच्या रंगपटाला आतून कडी हवी. एवढंच लिहिते, समजणाऱ्या समजतील.

@रंकाळ्याचा_वारा, तुझे अण्णा म्हणजे पांढरा सदरा, कानावर पेन्सिल? राज्य नाट्यच्या वेळी असायचे का?


रंकाळ्याचा_वारा

व्हय ताई! पेन्सिल कायम. सेटच्या खुणा करायला. राज्य नाट्यला तर दरवर्षी. महिनाभर सुट्टीच नसायची.


विंगेतली

अरे मग मी त्यांना ओळखते. मी पहिल्यांदा प्रॉम्प्टिंगला बसले तेव्हा माझे हात कापत होते. त्यांनी पेन्सिल काढून दिली आणि म्हणाले, पोरी, वाक्याच्या खाली रेघ धरत जा, नजर हलली तर रेघ हलत नाही. मी अजून तसंच करते.


कुंचला

मी चित्रकार. नाटकाशी माझा संबंध तिकीट काढून बसण्यापुरता, पण कोल्हापुरात नाटक आणि चित्र वेगळं काढता येत नाही, म्हणून लिहितो.

चित्रकार आणि पुढं सिनेमा काढणारे बाबूराव पेंटर आणि केशवराव एकाच वर्षी, १८९० ला जन्मले. सिनेमाच्या आधी बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. राजवाडा, अरण्य, रस्ता. सपाट कापडावर खोली दिसली पाहिजे, तीही पिवळ्या दिव्याच्या उजेडात. मी स्वतः एकदा हौशी नाटकासाठी असा पडदा रंगवला. दिवसा अंगणात सुंदर दिसत होता. रात्री दिव्याखाली सगळे हिरवे काळपट झाले आणि तांबडा तेवढा पुढे आला. तेव्हा कळलं, ती माणसं दिव्यासाठी रंग कालवत होती, डोळ्यासाठी नव्हे. आनंदराव १९१६ मध्ये गेले. सिनेमाचं स्वप्न बाबूरावांनी एकट्यानं पुरं केलं.

दरवर्षी जानेवारीत टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार' या कलासंस्थेची 'मैफल रंगसुरांची' असते. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. झाडाखाली गायक गात असतो, सतारीचे सूर असतात, आणि भोवतीनं चित्रकार कॅनव्हास लावून चित्रं काढत असतात, शिल्पकार माती थापत असतात. लोक मधून फिरतात, कुणी वही काढून बसतं. माझ्या मुलीनं पहिलं पोर्ट्रेट तिथंच पाहिलं. एका म्हाताऱ्याचं डोकं मातीतून वर येत होतं आणि ती तासभर हलली नाही. मागं यमन... नव्हे, सकाळची वेळ, तोडी असणार. गायक कोण होता आठवत नाही, पण ते डोकं आणि तो स्वर माझ्या मनात एकत्रच आहेत.

नव्या नाट्यगृहाच्या आवारात चित्रांसाठी एक भिंत असावी, एवढंच माझं मागणं. मध्यंतरात चहा घेता घेता गावातल्या पोरांची चित्रं दिसावीत.


पायपेटी

संगीताच्या बाजूनं कुणी बोललं नाही म्हणून.

गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते. गोविंदराव टेंबे आपल्या कोल्हापूरचे, 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. मंदिरातलं गाणं, देवल क्लब या संगीतसंस्थेतलं गाणं आणि थिएटरातलं गाणं, असं तिन्हीकडं ऐकून इथला श्रोता तयार झालाय. त्याला फसवता येत नाही. एका पदाला वन्समोअर घेताना दुसऱ्यांदा तीच तान घेतली तर मागून कुणीतरी हळूच 'हं' म्हणायचं. त्या 'हं'ची धास्ती मोठमोठ्यांना असायची.

मी साथीला बसायचो ती जागा सांगतो, १९९५ ते २००५ चा काळ. रंगमंचाच्या पुढं, खालच्या अंगाला. तिथून नट नीट दिसायचा नाही, फक्त पाय दिसायचे. मी पायांवरून ओळखायचो की हा आता गाणार. वजन एका पायावर गेलं की मी पेटीवर बोट ठेवायचो.

ध्वनिरेषा, तुमच्यासाठी: तबला चढवताना हातोडीचा जो ठोका पडतो तो तिथं फार स्वच्छ यायचा. मागच्या रांगेतला माणूस म्हणायचा, आज तबला उतरलाय. मागच्या रांगेतला!


पहिली_एन्ट्री

मी तेवीस वर्षांची आहे. एकांकिका करते. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणांनी केशवराव आतून फक्त एकदाच पाहिलंय, आणि दोघांनी पाहिलंच नाही. तुम्ही सगळे ज्या वास्तूबद्दल लिहिताय ती आमच्यासाठी आता गोष्ट आहे.

पण आमची अडचण आजची आहे. तालमीला जागा नाही. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या क्लासमध्ये रात्री नऊनंतर. प्रयोगाला हॉल मिळतो तिथं विंगाच नसतात, बाजूला पडदे टांगून आम्ही विंगा करतो. मागच्या वर्षी एका हॉलची तारीख आम्ही पैसे भरून घेतली होती आणि चार दिवस आधी कळलं की तिथं सभा आहे, तुम्ही दुसरी बघा. हॉलचं नाव लिहीत नाही. सेटचे पैसे गेले, पण त्याहून वाईट म्हणजे आमच्यातला एक मुलगा त्या दिवसानंतर आलाच नाही. घरी सांगून आला होता की शेवटचं नाटक, मग नोकरी. ते शेवटचं झालंच नाही.

नवं नाट्यगृह झाल्यावर भाडं आम्हाला परवडेल का? महिन्यातून एक संध्याकाळ हौशी ग्रुपसाठी राखून ठेवतील का? दगड जसाच्या तसा बसला आणि आम्ही बाहेरच राहिलो तर?


हरिपूरकर

पोरी, तुझा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात खरा आहे. केशवराव सतरा वर्षांचे असताना त्यांनी कंपनी काढली, हे मी वर कौतुकानं लिहिलं. आज सतरा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी दोन तास रंगमंच मिळत नाही.

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आणि आमच्यासारख्या हौशी लोकांना वर्षातून एकदा खऱ्या रंगमंचावर उभं राहायला मिळालं ते तिच्यामुळं. बँकेतला कारकून, शिक्षक, एसटीचा कंडक्टर. वर्षभर ज्या एका रात्रीसाठी जगलो ती रात्र. त्या रात्रीला नाट्यगृह लागतं. शाहू महाराजांनी ते आपल्या वाड्यासाठी बांधलं नाही, गावासाठी बांधलं. भाड्याचा हा मुद्दा, विंगेतलीताई, मोठ्या अक्षरात लिहा.


विंगेतली

लिहिला काका. चौकटीत लिहिला.

आतापर्यंत वहीत काय जमलं ते सांगते. एका ताईंनी व्यक्तिगत निरोपातून शाळेच्या गॅदरिंगचा फोटो पाठवलाय, १९७४ चा. पुढं बावीस मुली, कोळीनृत्य, आणि त्यांच्या डोक्यावर प्रोसिनियमची, म्हणजे रंगमंचाच्या दर्शनी कमानीची चौकट स्पष्ट दिसते, झालरीची उंचीसुद्धा कळते. मुलींची सरासरी उंची धरून बाकीचं माप काढता येईल असं चौकोनी_चौथरा यांनी कळवलं. त्या फोटोतल्या कोपऱ्यातल्या मुलीच्या पायात एकच घुंगरू आहे. दुसरं त्याच दिवशी विंगेत हरवलं म्हणे.

एका काकांनी १९८६ ते १९९८ च्या स्पर्धेच्या सगळ्या पत्रिका जपून ठेवल्यात. आणि एकानं लग्नाची व्हिडिओ कॅसेट दिली, कारण वरात थिएटरसमोरून गेली होती आणि दार उघडं होतं. चार सेकंद. पण त्या चार सेकंदांत आतला जिना दिसतो.


लगुना_किनारा

वरातीतला जिना! आता आमच्या फेनिचेवाल्यांना सांगते.


अर्धा_कप

मी बरेच दिवस नुसता वाचतोय. माझ्याकडे एक ऑडिओ कॅसेट आहे. वडील प्रत्येक नाटकाला छोटा टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून बसायचे, परवानगी बिरवानगी काही नाही. बहुतेक कॅसेट बुरशीनं गेल्या. ही वाचली. वर पेनानं लिहिलंय 'राज्य नाट्य, केशवराव, ८९, तिसरी रांग'. संगीत नाटक आहे. आवाज फार खराब, सतत सूं सूं. एका दुकानात देऊन स्वच्छ करून घेऊ का? मग टाकतो.


ध्वनिरेषा

नको! कृपया स्वच्छ करू नका!

सूं सूं काढताना दुकानातला माणूस घुमाराही काढून टाकेल, आणि मला नेमका तोच हवा आहे. आवाज थांबल्यानंतर हवेत जे उरतं ते. पायपेटीकाकांनी सांगितलेला हातोडीचा ठोका जर त्या कॅसेटमध्ये असेल, तर तो ठोका विरायला किती वेळ लागला यावरून भरलेल्या थिएटरचा अंदाज बांधता येतो. प्रयोगशाळेतल्या मोजमापाइतकं नेमकं नसेल, टेपचा वेगही तपासावा लागेल. पण १९८९ चा, प्रेक्षकांसकटचा अंदाज! दुसरीकडे कुठून मिळणार?

जुन्या कॅसेटची फीत आधी सैल करून घ्यावी लागते, लगेच वाजवू नका, तुटेल. मी पुढच्या शनिवारी कोल्हापुरात येते. माझ्याकडे डेक आहे.

आणि हेही सांगायचं होतं, ललितकलादर्शच्या भालचंद्र पेंढारकरांनी वर्षानुवर्षं नाटकांची ध्वनिमुद्रणं करून ठेवली. लोक म्हणत असतील, कशाला एवढा खटाटोप. तुमच्या वडिलांनी मांडीवर तेच केलं.


पायपेटी

८९ ला तबल्यावर कोण होतं ते मी सांगू शकेन, आवाज ऐकला तर.


ध्वनिरेषा

मंडळी, कॅसेट वाजली. विंगेतलीताईंच्या घरी, काल संध्याकाळी. सात जण होतो.

पहिली चाळीस-पन्नास सेकंद प्रेक्षकांची कुजबुज. कुणाचं तरी मूल 'पाणी' म्हणतंय. मग खुर्ची आपटल्याचा आवाज. मग पडद्यामागं तबला मिळवताहेत. हातोडीचे सहा ठोके, सुटे सुटे. पहिला ठोका ऐकला आणि पायपेटीकाका उठून उभे राहिले. मी ते सहाही ठोके वेगळे काढलेत. काम चालू आहे, आकडे पक्के झाले की चौकोनी_चौथरा यांच्याकडे देईन, तोवर इथं लिहीत नाही.

मग तिसरी घंटा. आणि घंटेनंतर, नांदीच्या आधी, पडद्यामागून एक आवाज येतो. एकच शब्द, बेताच्या आवाजात, पण तिसऱ्या रांगेत स्वच्छ आलाय. "पडदा."

ताई तो ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, फाइल धाग्यावर टाक, पण आधी रंकाळ्याच्या वाऱ्याला कळव. खाली टाकलीय.


रंकाळ्याचा_वारा

चारदा ऐकलं.

अण्णाच हायत. घरात जेवायला बसायच्या आधी आईला 'ताट' म्हणायचे, तसंच.

त्यांचा आवाज आमच्याकडं कुठंबी नाही. फोनमध्येबी नाही. ताई, ही फाइल आईच्या साध्या फोनवर वाजंल अशी करून मिळंल का? तिला आज रात्रीच ऐकवायची हाय.